हिराजी, शून्य तू चुकवलं नव्हतंस

हिराजी,

गेले चार दिवस मी धड एका जागी बसलेलो नाही. सरावली गावातल्या माझ्या खोलीत टेबलापाशी बसतो, दोन ओळी लिहितो, उठतो, विहिरीपर्यंत जाऊन येतो, पुन्हा बसतो. घरमालकीणबाईंनी काल विचारलं, "मास्तर, पोटात दुखतंय का?" मी हो म्हटलं. तेच सांगायला सोपं होतं.

तू गेलास त्याला आज अठरा दिवस झाले. काविळीने एवढा दांडगा माणूस तीन आठवड्यांत संपतो हे मला अजून पटत नाही, पण ते असो. त्या दिवशी तुझ्या गावच्या, मुरब्याच्या स्मशानात मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. माझ्यापुढे आपल्या वर्कशॉपमधले दोघे होते. एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "आपला शून्या गेला रे." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याचे डोळेही ओले होते. वर्षभर सगळे तुला तेच म्हणत आले आणि त्याच नावाने तू गेलास. ते नाव तुला माझ्यामुळे पडलं. ज्या चुकीवरून पडलं ती चूक तुझी नव्हती. याचा पुरावा चार दिवसांपूर्वी माझ्या हाताला लागला. ते नाव तुझ्यावरून उतरवायचं आहे, आणि ते कसं हे मला सुचत नाही. म्हणून आधी तुलाच सांगायला बसलो आहे.

पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला क्रमाने गेल्याशिवाय जमत नाही. तू यावरून मला हसायचास. "मास्तर चहा प्यायचा तरी आधी कप मोजतील," असं तू वेल्डर मिश्राला सांगितलं होतंस आणि तो दिवसभर मला "मास्टरजी, कितने कप हुए?" विचारत फिरला होता.

तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि बोईसरच्या रस्त्यावर आपल्यासारख्या पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. मालकांना नळ्या बसवायच्या मोठ्या प्लेटांचं काम मिळालं. एकेका प्लेटीत शेकडो भोकं. समोरासमोर दोन प्लेटा उभ्या करायच्या आणि एकेक नळी दोन्हींतून आरपार घालायची, म्हणून दोन्हींची भोकं तंतोतंत जुळायला हवीत. हाताने आखून हे काम होणार नव्हतं. मालकांनी बाहेरून भोकं पाडायचं, मोजून आपोआप सरकणारं मशीन मागवलं आणि ते सांभाळायला मला घेतलं, कारण मी डिप्लोमा केला होता आणि इंग्रजी पुस्तक वाचू शकत होतो. त्याआधी दोन वर्षं मी शाळेत शिकवत होतो. ते कळल्यावर तू मला मास्तर म्हणायला लागलास आणि मग सगळेच म्हणायला लागले.

मशीन चालवायला मालकांनी तुला दिलं तेव्हा मी मनात नाराज झालो होतो. चौथी शिकलेला, मुरब्याहून सायकल मारत येणारा, कपड्यांना सुक्या मासळीचा वास असलेला माणूस या नाजूक यंत्रावर काय करणार, असं मला वाटलं. आठवडाभरात ते मत गेलं. पण मी ते तुला कधी बोलून दाखवलं नाही. आधीचंही नाही आणि नंतरचंही नाही.

त्या मशीनची मोटर वेगळी होती. साधी मोटर वीज मिळाली की फिरत सुटते. ही स्टेपिंग मोटर विजेच्या एका ठोक्याला एक पाऊल टाकते आणि थांबते. दोनशे पावलांचा एक फेरा. एका फेऱ्याला लांब स्क्रू वरच्या टेबलाला पाच मिलिमीटर सरकवतो, म्हणजे चाळीस पावलांना एक मिलिमीटर. हे मी तुला पाटीवर लिहून दाखवलं. तू पाटीकडे न बघता मोटरकडे बघत होतास.

"मास्तर, आनि पाय घसरला तं?"

"कोणाचा?"

"हिचा. ठोका दिला, पन पाऊल पडलंच नाय. तिला कलतं का?"

"नाही. दिलेले ठोके मोजले जातात. पडलेली पावलं कोणी मोजत नाही."

"म्हंजे आपल्या मालकासारकंच," तू म्हणालास. "हुकूम सोडला की काम झालं."

पुस्तकातलं जे प्रकरण समजायला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या ते तू एका प्रश्नात गाठलंस. मी हसलो, पण मला थोडं लागलंही होतं. आज कबूल करतो.

मग आपण दोघांनी चूक शोधायची रीत बसवली. मशीन शून्यावर आणायचं, बाजूला डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, लावायचं, टेबल दूरवर पाठवून परत बोलवायचं आणि काटा कुठे येतो ते बघायचं. दर वेळी फरक तेवढाच राहिला तर स्क्रूच्या आट्यांमध्ये ढिलेपणा आहे. दर फेरीला फरक वाढत गेला तर कुठेतरी काही घसरतं आहे. मोटर आणि स्क्रू यांच्या जोडावर घसरत असेल तर फरक कसाही येईल, त्याला हिशेब नसेल. पण मोटरचंच पाऊल हुकत असेल तर ती चाराच्या पटीत हुकते, कारण तिच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यांची पाळी दर चार पावलांनी पुन्हा तशीच येते. चार पावलं म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणून फरक नेमका एक दशांश, दोन दशांश असा आला की मोटरकडे बघायचं. 'दशांश' हा शब्द तुला फार आवडला. घरी वहिनींना तू भाकरी एक दशांश जाड झाली म्हणून सांगायचास, असं तूच मला सांगितलं होतंस.

ते सहा महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले होते. जेवणाच्या सुट्टीत मी तुला इंग्रजी अक्षरं शिकवायचो आणि तू मला कान द्यायला शिकवायचास. टेबल चालू असताना तू त्याच्या कडेवर तळहात ठेवून डोळे मिटायचास. मला म्हणायचास, "पुस्तक ठेवा जरा. हात ठेवा." मी हात ठेवायचो आणि मला फक्त थरथर लागायची. तुला तिच्यात सरळ चाल, जड चाल, तहानलेली चाल असं बरंच काही लागायचं. तहानलेली म्हणजे तेल संपत आलेली. तू म्हणालास आणि तेल संपलेलं नव्हतं, असं एकदाही झालं नाही.

खंडेनवमी आली. आदल्या दिवशी सगळी शेड धुतली. लेथ, करवत, मिश्राचा वेल्डिंग सेट, सगळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या. पूजा सांगायला कोणी नव्हतं, तेव्हा मालक म्हणाले, मास्तरांना मंत्र येतात, तेच करतील. मला चार ओळी येत होत्या. मी अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून आलो होतो. इतक्या लोकांसमोर काही करायची मला सवय नाही, पण त्या दिवशी मला बरं वाटत होतं.

आपल्या मशीनच्या स्क्रूवरचा पत्रा प्रवासात चेपला होता आणि सरळ करायला पालघरला दिला होता. तोवर तू स्क्रूवर एक जाड फडकं अंथरून ठेवलं होतंस. रोज संध्याकाळी ते झटकून पुन्हा अंथरायचास. मी ताम्हन घेऊन मशीनपाशी आलो आणि ते फडकं उचलून बाजूला ठेवलं.

"मास्तर, फडकं राहू द्या," तू म्हणालास.

"झाकलेल्या देवाची पूजा करतात का कधी?"

"देव वर हाय ना. खालच्या स्क्रूला कशाला पायजे?"

"अरे, सगळं काम तर तोच करतो."

लोक हसले. तूही हसलास. मी कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर घेतल्या आणि टेबलावर, मोटरवर, उघड्या स्क्रूवर नीट सगळीकडे पडतील अशा टाकल्या. घाईघाईत टाकल्या नाहीत. मनापासून टाकल्या. पूजा झाल्यावर तू कुंचा घेऊन झाडायला आलास, तेव्हा मालक ओरडले, "आज झाडायचं नाही, उद्या." दुसऱ्या दिवशी दसरा, शेड बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी पालघरहून पत्रा सरळ होऊन आला आणि त्याच गाडीतून मशीनच्या कंपनीचा माणूस आला. त्याने पत्रा बसवला, त्याचे स्क्रू आवळले, शिशाचं सील लावलं आणि सांगितलं, वर्षभर हे उघडायचं नाही, उघडलं तर गॅरंटी गेली. तू म्हणालास, "साहेब, आत जरा पुसून घेतो." तो गाडीत बसत होता. तो म्हणाला, सगळं ठीक आहे.

हे सगळं मला चार दिवसांपासून असं लख्ख आठवतं आहे. वर्षभर ते कुठे होतं?

छोट्या प्लेटा नीट जात होत्या. दिवाळीनंतर पहिली मोठी प्लेट लागली, आणि तिची भोकं सरकली. पहिल्या रांगा बरोबर होत्या. मग एक रांग एका दशांशाने पुढे. मग दोन रांगा तेवढ्याच फरकाने, मग आणखी एक दशांश. शेवटच्या रांगेपर्यंत पाऊण मिलिमीटरच्या वर फरक गेला होता. दुसऱ्या प्लेटीशी ती जुळणं शक्य नव्हतं.

आपण शोधायला बसलो. मला वाटलं मिश्राचा वेल्डिंग सेट सुरू झाला की विजेचा दाब पडतो आणि मोटरला जोर मिळत नाही. मी पालघरहून व्होल्टमीटर मागून आणला आणि तीन दिवस त्याच्यासमोर बसलो. दाब पडत होता, पण भोकं सरकण्याशी त्याचा मेळ बसेना. तू पहिल्याच दिवशी सांगितलंस.

"पार पुडच्या टोकाला अडकते. ह्या जागी. हात ठेवा." तू खडूने पत्र्यावर रेघ ओढलीस.

मी हात ठेवला. मला काही लागलं नाही.

"पत्रा उघडून बगू."

"सील आहे, हिराजी."

"सील तं शिशाचं हाय."

"गॅरंटी जाईल. मोजून सिद्ध करू, मग उघडू."

मी मोजायला घेतलं. आणि काळजी म्हणून मोजताना टेबल हळू चालवलं. हळू चालताना या मोटरचा जोर जास्त असतो, वेगात कमी. हे मी तुला स्वतः पाटीवर शिकवलं होतं. हळू चालवल्यावर ती त्या जागेवरून सहज निघून जायची. वीस फेऱ्या केल्या, काटा वीसही वेळा शून्यावर आला. मी म्हटलं, बघ, काही नाही. तू म्हणालास, "तिला पळवा ना! पळताना ठेच लागते, चालताना नाय." मी पळवलं नाही. पळवताना डायल गेज तुटेल अशी मला भीती होती. हा आपला वाद तिथेच राहिला. तो कधी संपलाच नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मालक आले. बांधकामावर कारण लिहून कळवायचं होतं. ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"मास्तर, मशीन खराब आहे का?"

"तसं सापडलं नाही."

"मग वीज?"

"तसंही नाही."

"मग तुम्हाला कशासाठी ठेवलंय?"

ते एवढंच बोलले. मी नोंदवही उघडली आणि इंग्रजीत लिहिलं, की ऑपरेटरने सुरुवातीला शून्य चुकीचं लावलं.

हिराजी, शून्य चुकलं असतं तर सगळी भोकं पहिल्या रांगेपासून सारखीच सरकली असती. आणि हाताची चूक कधी नेमकी दशांशात येत नाही. हे मला लिहिताना माहीत होतं. माझी समजूत चुकली असती तर मी आज झोपलो असतो. मी चुकलो नव्हतो. मला उत्तर सापडलं नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटली, म्हणून जे उत्तर नाही हे मला पक्कं ठाऊक होतं ते मी लिहिलं.

खाली ऑपरेटरची सही लागायची. तू हात पुसत आलास.

"काय लिवलंय?"

"मशीनची नोंद आहे."

तू सही केलीस. सगळी अक्षरं आधी काढून मग वरची रेघ एका दमात ओढायची, ही तुझी रीत. तू तोवर इंग्रजीतले पंधरा-वीस शब्द वाचायला शिकला होतास. त्या ओळीतला एखादा शब्द तुला लागला असेल का? तू वहीकडे पाहिलंसच नाहीस. माझ्याकडे बघून हसलास आणि म्हणालास, "सुटली एकदाची पीडा."

दुसऱ्या दिवशी मालकांनी तुला मशीनवरून काढून खोकी ठोकायच्या कामाला लावलं. सगळ्यांसमोर वहीतली ओळ मराठीत करून सांगितली. मिश्रा म्हणाला, "क्यों शून्या, आज ज़ीरो मिला क्या?" आणि शेड हसली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी डायल गेज पुसत होतो.

तू भांडला असतास तर बरं झालं असतं. तू फक्त जेवणाच्या सुट्टीत शिकायला यायचा थांबलास. पहिले काही दिवस मी पाटी काढून बसलो. मग पाटी खणात ठेवली.

खोकी ठोकायची जागा मशीनपासून वीस पावलांवर होती. नवा ऑपरेटर मशीन चालवायचा आणि मी बघायचो, टेबल पुढच्या टोकाला गेलं की तुझी हातोडी थांबायची. तू मान वर करायचास, क्षणभर ऐकायचास, आणि पुन्हा खिळा ठोकायला लागायचास. मालकांनी मोठ्या प्लेटा बाहेरून करून घ्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे टेबल तिथवर फारसं जातच नसे. श्रावणात एकदा सायकलीला हवा भरताना तू मला विचारलंस, "मास्तर, ती अजून तितं अडकते का?" वर्षभरात त्या विषयावर तू बोललेलं ते एकच वाक्य. मी म्हटलं, "नाही." तू मान हलवलीस. तुला ते खरं वाटलं नाही, हे मला दिसलं. महिन्याभरात तू आजारी पडलास. मी दोनदा मुरब्याला यायला निघालो आणि दोन्ही वेळा बोईसरच्या नाक्यावरून परत फिरलो. आलो तो थेट स्मशानातच.

चार दिवसांपूर्वी सीलचं वर्ष संपलं. दसऱ्याची साफसफाई काढली होती. मी स्वतः पत्र्याचे स्क्रू काढले. तू जिथे खडूची रेघ ओढली होतीस बरोबर त्या जागेखाली स्क्रूच्या आट्यांत काहीतरी गुलाबीसर, कडक लागलेलं होतं. मी बांबूच्या काडीने जरासं खरवडलं. पतंग चिकटवायला आपण भाताची खळ करतो ना, तशी ती खळ होती, तेलापाण्याने भिजून, नटाखाली चिरडून वाळलेली. तिच्यात तीन-चार अर्धे दाणे शाबूत होते. कुंकवाचा रंग गेला नव्हता.

उरलेली खळ तशीच ठेवून मी पत्रा बाजूला टाकला आणि टेबल पुढच्या टोकाला पळवलं. पहिल्या दहा फेऱ्यांतच काटा दोन दशांश सरकला. मग रॉकेलने स्क्रू धुतला, पुसला, तेल दिलं आणि पुन्हा पळवलं, सगळ्यात जास्त वेगाने. चाळीस फेऱ्या. काटा चाळीस वेळा शून्यावर आला. डायल गेजला काही झालं नाही. मग मी टेबलाच्या कडेवर तळहात ठेवला. मला पहिल्यांदा कळलं, तू सरळ चाल कशाला म्हणत होतास.

तुला हाक मारायला मी वळलो होतो. खोक्यांपाशी दुसराच माणूस होता.

मी मालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मास्तर, ती प्लेट आपण माणसाची चूक म्हणून बदलून दिली. प्रकरण मिटलं. आता पूजेच्या तांदळाने मशीन अडलं म्हणून कळवू? हसतील लोक."

"हिराजीचं नाव आहे त्यात."

"तो गेला बिचारा. त्याला आता काय फरक पडतो? वहीला हात लावू नका."

मी वहीला हात लावला. त्या ओळीखाली मराठीत लिहिलं, की वरील कारण खोटं आहे, ते मी खोटं आहे हे माहीत असून लिहिलं, मशीन माझ्या हातून पडलेल्या अक्षतांमुळे अडकत होतं आणि ऑपरेटरने अडकण्याची जागा पहिल्या दिवशी बरोबर दाखवली होती. खाली सही केली. मालकांनी अजून ते पाहिलेलं नाही. पाहतील तेव्हा काय करतील ते करोत. मिश्राला मात्र मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मास्टरजी, और हम साल भर उसको..." उठून वेल्डिंगचा चष्मा चढवला आणि कामाला लागला.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि वाटलं होतं की लिहून झालं की शांत वाटेल. वाटलं नाही. वही कपाटात असते. ती कोण वाचतं?

म्हणून आज सकाळी मुरब्याला गेलो. नाक्यावरून परत फिरलो नाही. वहिनी ओटीवर जाळं घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं. क्रमाने सांगितलं, मला येतं तसं. फडक्यापासून सहीपर्यंत. त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं नाही.

"झालं सांगून?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मास्तर, माज्याच घरात येऊन मलाच काय सांगता? मी कदी म्हटलं त्यांची चूक हाय? माजा मानूस आकड्यात चुकत नव्हता. त्ये मला ठावं हाय." त्यांचा आवाज चढला. "वर्सभर बाजारात जाते तं बाया इचारतात, शून्याची बायको काय भाव लावते. तुमी तवा कुटं होता? त्ये होते तवा तुमचं तोंड कुटं होतं?"

मी म्हटलं, "मी चुकलो, वहिनी."

"त्ये मला नको. तिकडं सांगा."

त्या उठल्या आणि चालायला लागल्या. मागे वळून बघितलं नाही. मी मागोमाग गेलो. किनाऱ्याजवळ बांबूंवर बोंबील टांगायचं काम चाललं होतं, पंधरा-वीस बाया आणि काही म्हातारे होते. पाऊस सरल्यावरची पहिलीच मासळी असावी. एकीने विचारलं, "कोन गो ह्यो?" दुसरी म्हणाली, "शून्याचा मास्तर." वहिनी मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ऐका गो. ह्यांना कायतरी सांगायचं हाय."

हिराजी, मला तुझ्याएवढ्या मोठ्याने बोलता येत नाही. वारा होता. मी सांगायला लागलो तेव्हा हातांतली कामं थांबली नव्हती. अक्षतांपर्यंत आलो तेव्हा थांबली.

"तांदूल? पूजंचा?" एक म्हातारी म्हणाली.

"हो, आजी."

"कोनी टाकला?"

"मी."

"आनि नाव हिराजीवर?"

"हो. ते मीच लिहिलं."

कोणीतरी हसलं. मग एक तरुण बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "येवडं शिकलेलं मानूस, तुमाला येवडं कळलं नाय?"

"कळलं होतं," मी म्हटलं. "कळलं होतं तरी लिहिलं."

त्यावर कोणी हसलं नाही. वाऱ्याने बोंबील हलत होते. मला वाटलं, झालं, आता जावं. मी वळलो तर वहिनी वाटेत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, ऊन समोरून येत होतं.

"मागच्यांना ऐकू नाय आलं," त्या म्हणाल्या. "परत सांगा."

मी पुढे सरकलो आणि परत सांगितलं.